‘इंधन कमी’चा भोंगा: खरा की खोटा?

बोटीच्या टाकीत डिझेल असूनही भोंगा वाजत असेल, तर संशय आधी फ्लोटवर.

• फ्लोट व सेंडर: फ्लोट पातळीबरोबर वर-खाली होतो, सेंडरचा विद्युतरोध बदलतो, काटा हलतो. अमेरिकी पद्धतीत रिकामी टाकी म्हणजे २४० ओहम, भरलेली सुमारे ३०. युरोपीय पद्धत उलटी: रिकामी १०, भरलेली १८०. अमेरिकी काट्याला युरोपीय सेंडर जोडला, की भरलेली टाकी जवळजवळ रिकामी दिसते.

• लाटा: वर्सोवा किंवा मनोरी खाडीत गप्प असलेला भोंगा मुखाबाहेर हेलकावे सुरू होताच वाजू-थांबू लागतो. उपाय: टाकीत आडपडदे किंवा काही सेकंद थांबून इशारा देणारे सर्किट.

• खारी हवा: अर्थची वायर गंजली, की रोध वाढतो. अमेरिकी पद्धतीत त्याचा अर्थ ‘टाकी रिकामी’.

• भोंग्याची वायर तोडणे: सर्रास होते. पण अनेक बोटींत तोच भोंगा ऑइल प्रेशर घसरल्याचा आणि इंजिन तापल्याचाही इशारा देतो; वायर तोडली, की तेही इशारे बंद.

• इशारा खरा असेल तर: वेग कमी, थेट किनारा. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली, तर नुसते इंधन भरून भागत नाही. बहुतेक इंजिनांत ती हवा काढावी लागते.

• तिसऱ्या हिश्शाचा नियम: एक जायला, एक यायला, एक राखीव.

• मदत: तटरक्षक दल १५५४, व्हीएचएफ चॅनेल १६.