चूक कापडावर होऊ द्या

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतले (२०१९-२१) दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं मात्र ४१.८ टक्के. बाई दवाखान्यापर्यंत पोचते, तिथे सिस्टर असतात, डॉक्टर असतात, भिंतीवर आईच्या दुधाचं पोस्टरही असतं. तरी निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास कोरडा जातो. सिझेरियन, वॉर्डातली गर्दी, अपुरा कर्मचारीवर्ग, आजीच्या हातातलं मधाचं बोट, अशी कारणं पुष्कळ आहेत. एक कारण मात्र क्वचितच बोललं जातं. बाळ छातीला नीट लावून देणं हे हाताचं कसब आहे आणि ते शिकवलं जातं फळ्यावर.

चिकात प्रतिपिंडं असतात, सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावं, हे एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांची कोणतीही विद्यार्थिनी झोपेतून उठवलं तरी सांगेल. परीक्षेत त्याला गुण असतात. पण नुकतीच टाके पडलेली, ग्लानीत असलेली बाई समोर असते, बाळ तोंड मिटून किंचाळत असतं आणि चार नातेवाईक बघत उभे असतात. तेव्हा आपले हात कुठे ठेवायचे हे पुस्तकात नसतं. आजवर हे शिक्षण थेट त्या बाईवरच व्हायचं. विद्यार्थिनीची पहिली धडपड आणि बाईची पहिली वेदना एकाच वेळी.

म्हणून सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या प्रसंगाची हुबेहूब तालीम. कल्पना मुळीच नवी नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम दु कुद्रे नावाच्या सुईणीने कापड, चामडं आणि भराव वापरून बाळंतिणीचं धड आणि बाळाची बाहुली तयार केली होती. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तिला गावोगावच्या बायकांना शिकवण्याची सनद दिली आणि ती पुढची अनेक वर्षं हे ‘यंत्र’ घेऊन देशभर फिरली. त्यातलं एक रुआं शहरातल्या संग्रहालयात आजही आहे.

आज बाजारात याचे चकचकीत वारस आहेत. नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीचं ‘मामाब्रेस्ट’ अंगावर बांधता येतं आणि त्यातून हाताने दूध काढायचा सराव करता येतो. अमेरिकेत छाती दगडासारखी घट्ट झालेली, गाठ आलेली, स्तनाग्र आत ओढलेलं, अशा निरनिराळ्या अवस्था दाखवणारी मॉडेल्स बनतात. ब्रिटनमध्ये मिडवाइफरी शिकवणाऱ्या बायका चक्क लोकरीचे स्तन विणतात. आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९३ साली काढलेल्या समुपदेशन प्रशिक्षणात तर कापडाचा स्तन आणि टॉवेल गुंडाळून केलेलं बाळ घरच्या घरी कसं बनवायचं हेच सांगितलं होतं. माझं मत विचाराल तर जिल्ह्याच्या नर्सिंग कॉलेजाने महागड्या मॉडेलची वाट बघत बसू नये. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या बाहुलीपेक्षा रोज हाताळून मळलेलं पायमोज्याचं मॉडेल कितीतरी चांगलं.

तालीम होते ती अशी. एक विद्यार्थिनी मॉडेल बांधून आई होते, दुसरी सिस्टर. आई पाठ टेकून सैल बसलेली हवी. बाळाचं पोट तिच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. क्रॉस क्रेडल पद्धतीत ज्या बाजूचं दूध पाजायचं त्याच्या विरुद्ध हाताने बाळ धरतात आणि पंजा मानेमागे, कानांच्या खाली येतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बाळाचं डोकं मागून छातीवर दाबणं. खरं बाळ अशा वेळी मान मागे टाकून आणखी रडतं. बाहुली मुकाट सोसते. म्हणून चांगली शिक्षिका बाहुली स्वतःच्या हाताने मागे झटकते आणि विद्यार्थिनीला विचारते, “आता काय करशील?”

मग स्तन धरणं. बोटं आणि बाळाचे ओठ एका दिशेला हवेत. वडापाव आपण आडवा दाबून तोंडात घालतो, उभा धरला तर घास येत नाही, तसंच. बाळाचा आ मोठा झाला की हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरून जास्त, खालून कमी दिसतो. नुसतं बोंड तोंडात गेलं तर दूध कमी येतं आणि चिरा पडतात. हाताने दूध काढताना कुठे आणि किती दाबायचं तेही इथेच कळतं: अंगठा आणि बोट काळसर भागाच्या कडेला, आधी छातीच्या दिशेने मागे, मग एकमेकांकडे. बोंड ओढलं की काहीच येत नाही. पहिल्या दिवशी येणारा चीक चमच्यात मावेल इतकाच असतो. तेवढाच पुरतो, हे विद्यार्थिनीला स्वतःला पटलेलं नसेल तर ती आईला काय पटवणार?

खरी परीक्षा पुढे आहे. तिसरी विद्यार्थिनी पदर खोचून सासू होते आणि म्हणते, “सिस्टर, हिला दूधच नाय उतरलं. पोरगं उपाशी मरंल. वरचं देऊ का?” पहिल्या फेरीत बहुतेकींच्या तोंडून भाषण सुरू होतं, नाहीतर वसकन ओरडणं. दोन्हींनी दुधाची पावडर आत यायची थांबत नाही. प्रश्न कसा विचारायचा, आजीच्या काळजीचा मान कसा राखायचा, तिच्याच समोर एक थेंब काढून कसा दाखवायचा, हे पुन्हा पुन्हा करून पाहिल्याशिवाय जमत नाही. आणखी एक कठीण सवय लावावी लागते: आपले हात मागे ठेवायची. सिस्टरने झटकन बाळ लावून दिलं तर तेवढं पाजणं होतं. रात्री तीन वाजता आई पुन्हा एकटीच. म्हणून ती बाहुलीवर दाखवते आणि आई स्वतःच्या हाताने करते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेतच. रबराला दुखत नाही, कापडाला पान्हा फुटत नाही. दमलेल्या बाईची लाज, तिची आडोसा शोधणारी नजर, हे वर्गात पूर्ण येत नाही. शिवाय तालमीनंतरची चर्चा घाईत उरकली तर सगळा खेळ होऊन बसतो. शिकणं बरंचसं त्या चर्चेतच असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली यशस्वी स्तनपानाच्या ‘दहा पायऱ्या’ सुधारल्या, त्यात कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण घेतलं का यापेक्षा त्यांना ते करता येतं का यावर भर दिला. आपल्याकडे २०१६ पासून स्तनपानाला चालना देणारा ‘मा’ कार्यक्रम आहे, भारतीय परिचर्या परिषदेच्या नव्या अभ्यासक्रमात सिम्युलेशन आलं आहे आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने बाळ छातीला लावण्याचे व्हिडिओ मराठीतही केले आहेत. वानवा साहित्याची नाही, वेळापत्रकातल्या तासांची आहे. तोंडी परीक्षेत चिकाचे फायदे विचारण्याऐवजी परीक्षकाने टेबलावर बाहुली ठेवली आणि “लावून दाखव” म्हटलं, तर पुढच्याच सत्रात कॉलेजं हे तास शोधून काढतील.