मास्तर आतून का विझतात?

‘मास्तरांचे काय, अकरा ते पाच शाळा आणि वर्षाला ढीगभर सुट्ट्या!’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. पण ज्या घरात कुणी शिक्षक किंवा शिक्षिका आहे, त्या घरातील माणसांना विचारून पाहा. रविवारची दुपार कलली की बाईंचा चेहरा उतरू लागतो. मुलांवर विनाकारण आवाज चढतो. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडून राहतो. याला आळस म्हणता येणार नाही. पंधरा-वीस वर्षे मन लावून शिकवलेल्या माणसाला ‘आता पोरांसमोर उभेच राहू नये’ असे वाटू लागते, तेव्हा दुखणे निराळे असते.

या दुखण्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्याविषयी लिहिले. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक व त्यांच्या सहकारी सुझन जॅक्सन यांनी ते मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन खुणा आहेत. मन पार थकून जाणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना बळावणे. दिव्यातले तेल संपले की वातच जळू लागते, तसा हा प्रकार. शिक्षकाच्या बाबतीत दुसरी खूण सर्वांत घातक, कारण त्या कोरडेपणाची झळ थेट मुलांना लागते.

ओझे एकच, शाळा दोन

नांदेड-लातूरकडील शिक्षकांना ताणाची कारणे शोधत जावे लागत नाही. लातूरला निकालाचा धाक आहे. ‘लातूर पॅटर्न’ने जिल्ह्याचे नाव राज्यभर केले. बोर्डाच्या गुणवत्ता याद्या बंद झाल्या, पण त्यांची जागा ‘नीट’ने घेतली आणि शर्यत चालूच राहिली. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात मुलांची घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी. देगलूरच्या सीमेवर तेलुगू-कानडी कानावर पडत असते. त्यात कुठे अनुदानाचा टप्पा अडलेला असतो. सेवेतील शिक्षकांनाही ‘टीईटी’ बंधनकारक ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने नवी धास्ती घातली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा दिली आहे. पण ऑनलाइन माहिती भरण्याचे काम काही संपत नाही.

यातले काहीच मुख्याध्यापकांच्या हातात नाही. तरीही एकाच तालुक्यातील, सारख्याच अनुदानावरच्या दोन शाळा पाहा. एका शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडताना हसणे-खिदळणे चालते. दुसरीकडे शिपायाची चाहूल लागली तरी बोलणे थांबते. हा फरक येतो कोठून?

साधे उदाहरण घेऊ. दुपारी दीड वाजता वरून निरोप येतो की अमुक माहिती चारच्या आत पाठवा. एक मुख्याध्यापक सूचनावहीत तांबड्या शाईने लिहितात, ‘माहिती तात्काळ द्यावी, अन्यथा खुलासा सादर करावा.’ वही वर्गावर्गांतून फिरते, चालू तास मोडतो, फळ्यावरचे गणित अर्धेच राहते. दुसरे मुख्याध्यापक आधी स्वतःचे कपाट उघडतात. निम्मी माहिती तिथल्याच रजिस्टरांत सापडते. उरलेल्यासाठी ते वऱ्हांड्यात भेटून म्हणतात, ‘सर, तुमच्या वर्गाचे एवढे दोन रकाने राहिलेत. तास झाला की देऊन जा.’ माहिती दोन्हीकडून वेळेत जाते. पहिल्या शाळेत मात्र तिच्याबरोबर अविश्वासही पोचलेला असतो. रजेचा अर्ज, वेळापत्रकातील गैरसोयीचे तास, पोरांदेखत शिक्षकाला बोलणे, या सगळ्यांतून तो रोज थोडा थोडा साठत जातो.

धाकाचा कारभार आणि सैल कारभार

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा १९३९ मधील प्रयोग येथे आठवतो. त्यांनी दहा वर्षांच्या मुलांचे छंदगट केले आणि त्यांना वेगवेगळ्या स्वभावांचे प्रमुख दिले. हुकूम सोडणाऱ्या प्रमुखाच्या हाताखाली मुले काम करीत, पण तो खोलीबाहेर गेला की काम थंडावे. मुले एकमेकांवर खेकसत, नाही तर मुकी होत. विचारून ठरवणारा प्रमुख बाहेर गेला तरी काम चालू राही. ‘तुमचे तुम्ही पाहा’ म्हणणाऱ्या प्रमुखाच्या गटात गोंधळच जास्त असे.

हा तिसरा प्रकार आपल्याकडे ‘साहेब फार चांगले आहेत हो, कुणाला काही बोलत नाहीत’ म्हणून खपून जातो. पण न बोलणाऱ्या साहेबांच्या शाळेत चुकारांचे तास कामसू शिक्षकांच्या वाट्याला येतात, आणि मन लावून काम करणाराच आधी थकतो. ताणाचा उगम नुसत्या कामाच्या बोजात नसतो. बोजा मोठा आणि स्वतः ठरवण्याची मोकळीक तोकडी, या जोडीत तो असतो, असे रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडले. बोजा सरकार ठरवते, पण मोकळीक द्यायची की नाही, हे बरेचसे मुख्याध्यापकांच्या हातात असते.

खुर्ची मिळते, शिकवण मिळत नाही

मुख्याध्यापकांना खलनायक ठरवून मात्र चालणार नाही. खाजगी शाळांत हे पद १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार साधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळते. काल भूगोल शिकवणारा माणूस आज बिले, पोषण आहार, संस्थाचालक आणि शिक्षणाधिकारी यांच्या मध्ये उभा राहतो. माणसे कशी सांभाळायची, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. त्याच्या वरच्याने त्याला जसे वागवले, तसेच तो खालच्यांना वागवतो.

या मातीत दुसरी परंपराही आहे. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ निजामी राजवटीत हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. तिथले त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातही त्यांच्याबरोबर होते. अशी सोबत सूचनावहीतल्या हुकमाने मिळत नसते.

आपण पालकांनी काय करावे? शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले आहे. या समितीत निकालाची टक्केवारी आपण हटकून विचारतो. त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. या महिन्यात शिकवण्याचे किती तास इतर कामांत गेले? शाळेचे निर्णय घेताना शिक्षकांना विचारले जाते काय? आपली मुले दिवसाचे सहा तास ज्यांच्या हवाली असतात, त्यांची विचारपूस करणे हे आपल्या मुलांचीच काळजी घेणे आहे.