शाळेच्या बागेत पक्ष्यांची मृत पिले आढळल्यास

चैत्र-वैशाखात सकाळच्या शाळा सुरू असताना बागेला पाणी घालणारी मुले एखादे दिवशी मेंदीच्या कुंपणाखालून बुलबुलाचे मेलेले पिलू काठीवर उचलून आणतात आणि “गुरुजी, हे कोणी मारले?” असे विचारतात. “टाका ते बाहेर” एवढ्यावर हा प्रश्न पुष्कळदा मिटविला जातो. त्याहून वाईट असे की, आदल्या दिवशी ज्या मुलाने ते पिलू उचलून घरट्यात ठेवले असेल, त्याच्याकडे इतर मुले बोट दाखवितात. माणसाचा हात लागलेल्या पिलाला पक्षी टाकून देतात अथवा टोचून मारतात, ही समजूत गावोगाव इतकी दृढ आहे की, शिक्षकांच्या तोंडूनही ती सहज निघून जाते. ज्याने दया दाखविली तेच मूल वर्गात अपराधी ठरते.

वस्तुतः ही समजूत निराधार आहे. मनुष्याचा हात लागला एवढ्याने पक्षी आपल्या पिलांचा त्याग करीत नाहीत. पिलाची हाक ऐकून व उघडलेली चोच पाहून ते त्याला भरवितात. पडलेले पिलू मुळातच अशक्त किंवा जायबंदी असल्यास ते घरट्यात ठेवल्यावरही मरते, आणि दोष मात्र हाताला येतो. तथापि घरट्यापाशी वारंवार गर्दी करणे हे निराळे. त्यामुळे आईबाप बिचकून दूर राहतात, आणि मुले कोठे डोकावतात हे कावळ्याच्याही ध्यानात येते.

मृत्यूचे कारण काय असावे, याचा अंदाज पिलू जेथे व जसे पडले असेल त्यावरून करता येतो. निश्चित निर्णय मात्र देऊ नये. वळवाच्या वाऱ्यानंतर घरट्याच्या नेमके खाली अखंड पिलू सापडले, तर ते पडले असावे. फाटलेले, अर्धवट खाल्लेले पिलू मांजर, कावळा वा भारद्वाज यांच्याकडे निर्देश करते. साप पिलू सगळेच गिळतो, मागे काही ठेवीत नाही. घरट्यातील सर्व पिले जखमेवाचून एकदम मेलेली असतील, तर आईबापांचा घात, कडक ऊन किंवा फवारणी यांचा विचार करावा. चिमणी दाणे खाते हे मुलांना ठाऊक असते. परंतु ती पिलांना मुख्यत्वे अळ्या व किडे भरविते, हे फारसे ठाऊक नसते. भेंडी-वांग्याच्या वाफ्यावर कीटकनाशक मारले की घरट्यातील अन्न एक तर नाहीसे होते किंवा विषारी बनते. पिले असलेल्या दिवसांत शाळेच्या बागेत फवारणी टाळावी आणि कुंपणाला कात्री लावण्यापूर्वी आत पाहून घ्यावे. एवढे शिक्षकांच्या हाती निश्चित आहे. वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, हेही मुलांच्या कानावर घालावे.

मोठ्या वर्गात हाच विषय गणितात घ्यावा. बुलबुलाची मादी बहुधा दोन-तीन अंडी घालते. एका जोडप्याने वर्षात दोनदा प्रत्येकी तीन पिले वाढविली आणि एकही पक्षी मेला नाही असे धरल्यास २ चे ८, ८ चे ३२ आणि तिसऱ्या वर्षी १२८ पक्षी होतील. बागेत तर दरसाल जवळपास तितकेच बुलबुल दिसतात. बाकीच्यांचे काय होते, हे मुले स्वतःच शोधून काढतात. शिक्षकांनी सांगण्याची घाई करू नये.

जिवंत पिलू सापडल्यास प्रथम त्याची पिसे पाहावीत. ते उघडे असेल तर त्याच घरट्यात ठेवावे. घरटे कोसळले असल्यास भोक पाडलेल्या नारळाच्या करवंटीत सुके गवत घालून ती जवळच्याच फांदीला बांधावी. पिसे फुटलेले, आखूड शेपटीचे, टुणटुण उड्या मारणारे पिलू बहुधा हरवलेले नसते. ते उडावयास शिकत असते आणि आईबाप जवळपास असतात. मांजराच्या वाटेवरून उचलून ते झुडपात ठेवावे व दूर व्हावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. दूध व भातही देऊ नये.

मेलेल्या पिलाला उघड्या हाताने स्पर्श करू देऊ नये. खुरप्याने उचलून हातभर खोल पुरावे आणि सर्वांनी साबणाने हात धुवावेत. मुलांना फुले वाहावयाची असल्यास वाहू द्यावीत; त्यात तासिकेचा फारसा वेळ जात नाही. मात्र कावळे, कोंबड्या व इतर मोठे पक्षी एकाच सुमारास मरू लागले, तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. २००६ साली नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला होता, हे स्मरणात असू द्यावे.