संस्थेचा कारभार आणि कोसंबीचे पाणी

आपल्या समाजात संस्थांना तोटा नाही. गावशाखा, मुंबई शाखा, महिला मंडळ, विहार बांधकाम कमिटी, जयंती उत्सव कमिटी, आणि एकेका वाडीत दोन-दोन मंडळे. दोन का, असे विचारले तर सांगणारा मागच्या पिढीतल्या कुठल्या तरी सभेपर्यंत मागे जातो. नीट चौकशी केली तर त्या सभेत तत्त्वाचा प्रश्न क्वचितच निघतो. कोणाला तरी निरोप पोचला नव्हता, नाही तर कोणाबद्दल तरी तोंडावर न बोलता पाठीमागे बोलले गेले होते. मी एका संस्थेचा नऊ वर्षे चिटणीस होतो. पैशावरून मोडलेल्या संस्था मी पाहिल्या, पण निरोपावरून मोडलेल्या जास्त पाहिल्या.

धम्मबांधवांनो, हा रोग आजचा नाही. भगवान बुद्धांच्या हयातीतच तो भिक्खुसंघाला जडला होता. यमुनेकाठच्या कोसंबी नगरीत, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, घोषिताराम नावाचा विहार होता. तेथे दोन विद्वान भिक्खू राहत. एक विनयाचे जाणकार, दुसरे धम्माचे व्याख्याते. अट्ठकथेत हकीगत आहे ती अशी : व्याख्याते शौचगृहात वापरून उरलेले पाणी भांड्यात तसेच ठेवून बाहेर आले. हे नियमाला धरून नव्हते. विनयधरांनी त्यांना विचारले. त्यांनी, दोष असेल तर मी कबूल करतो, असे सांगितले. त्यावर विनयधर म्हणाले, मुद्दाम केले नसेल तर दोष नाही. वास्तविक प्रकरण येथेच मिटले होते.

पण विनयधर आपल्या शिष्यांत जाऊन बोलले की, व्याख्यात्यांना आपला दोष कळतसुद्धा नाही. ते या शिष्यांनी त्या शिष्यांना ऐकवले. व्याख्यात्यांच्या कानावर गेले तेव्हा ते संतापले, काल दोष नाही म्हणाले, आज आहे म्हणतात, हे खोटे बोलतात! पुढे विनयधरांच्या पक्षाने व्याख्यात्यांना संघातून निलंबित केले. भिक्खूंमध्ये दोन तट पडले, मग उपासकांतही पडले. भगवंतांनी परोपरीने समजावले. भिक्खू म्हणाले, भगवंतांनी सुखाने राहावे, आमचे आम्ही पाहून घेऊ. तेव्हा भगवान एकटेच तेथून निघून गेले.

वाटेत ते पाचीनवंसदाय येथे थांबले. तेथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे भिक्खू राहत होते. त्यांच्या राहणीचे वर्णन विनयपिटकात आहे. भिक्षेहून जो आधी परतेल त्याने आसने मांडायची, पाणी ठेवायचे. जो शेवटी येईल त्याने आवरायचे. पाण्याचे भांडे रिकामे दिसले तर ज्याला दिसेल त्याने भरायचे. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचे. दर पाचव्या दिवशी मात्र रात्रभर बसून धम्मचर्चा करायची. दोन्हीकडे पाण्याचेच भांडे आहे. एकीकडे त्यावरून संघ फुटला, दुसरीकडे कोणाचे काम म्हणून प्रश्नच निघाला नाही. पाचव्या दिवसाची बैठक ठरलेली होती, म्हणून मधले चार दिवस कोणाला कुजबुजण्याची गरज पडत नसावी, असे माझे मत आहे.

कोसंबीचा तंटा अखेर मिटवला तो सामान्य उपासकांनी. भगवान आपल्याला सोडून गेले ते या भिक्खूंमुळे, असे म्हणून त्यांनी वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले. भिक्खू मग श्रावस्तीला गेले आणि तेथे समेट झाला. वर्गणीदाराच्या हातात किती बळ असते ते यावरून दिसते, पण आपले वर्गणीदार ते वापरत नाहीत, दुसरे मंडळ काढतात.

संघाचा कारभार किती चोख होता याकडे प. पू. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात लक्ष वेधले होते. आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी या साऱ्यांचे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते. मला त्यांतला एक नियम फार मोलाचा वाटतो. आजारी भिक्खूला सभेला येता येत नसेल तर त्याने आपली संमती दुसऱ्या भिक्खूबरोबर पाठवायची. या संमतीला 'छंद' म्हणत. तीही देता येत नसेल तर त्याला खाटेवरून सभेत आणायचे. हलवणे धोक्याचे असेल तर संघानेच त्याच्यापाशी जायचे, अपुऱ्या संघाने निर्णय घ्यायचा नाही. आपण मात्र गणसंख्या नाही म्हणून अर्धा तास सभा तहकूब करतो आणि त्याच जागी, त्याच माणसांत ठराव पास करतो. पोटनियमांत ते बसते हे खरे.

नेतृत्वाबद्दल एवढेच सांगतो की, २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. बाबासाहेबांनी व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद घेतले, म्हणजे कामाची खुर्ची घेतली.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमचे बरेच सभासद परळ-नायगावच्या चाळी सोडून बदलापूर, नालासोपाऱ्याकडे गेले. विहाराच्या स्लॅबसाठी वर्गणी वाढवण्याची सभा होती. मी जुन्या पत्त्यांवर कार्डे टाकली. एका वयस्कर सभासदांचे कार्ड रिकाम्या खोलीवर गेले. सभेत ज्यांचे पत्ते मिळत नाहीत त्यांची यादी वाचली गेली, त्यात त्यांचे नाव होते. एका लग्नात त्यांना कोणीतरी सांगितले की तुमचे नाव थकबाकीदारांत वाचले. दोन वर्षे ते आले नाहीत, आणि त्यांच्या तिन्ही भावांची घरेही जयंतीला फिरकली नाहीत. शेवटी मी इतिवृत्ताची वही घेऊन बदलापूरला गेलो. त्यांनी चष्मा लावून पान वाचले, वही मिटली आणि म्हणाले, "चिटणीस, हे इथं लिहिलंय, पण मला कोण सांगणार होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही वहीत प्रत्येक ठरावापुढे एक रकाना आखला : कोणाला कळवले, कोणी, केव्हा. आज मोबाईलवर संस्थेचा गट आहे, निरोप क्षणात जातो. पण गटावर तरुण असतात. गावी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आयाबाया त्यात नाहीत, आणि गटावर टाकले म्हणजे कळवले असे नवे चिटणीस धरून चालतात. त्यासाठी रकाना अजून ठेवला आहे. फोन नसलेल्या घरांची यादी दर सभेनंतर वाचतात आणि एकेकाने दोन-तीन घरे वाटून घेतात. बदलापूरकडची घरे पुढे कित्येक वर्षे त्याच गृहस्थांनी सांभाळली. कागद खिशात घालून ते स्वतः चालत जात आणि परत येऊन रकान्यात सही करत.