सम्राटाच्या डोक्याभोवती काय लिहिलंय?

रोमन सम्राट त्रायानचं चांदीचं नाणं, म्हणजे देनारिअस, जेमतेम तीन-सव्वातीन ग्रॅमचं. मधोमध सम्राटाचं डोकं आणि भोवती दाटीवाटीनं बसवलेली अक्षरं. दोन शब्दांत जागा नाही, बहुतेक शब्द अर्ध्यावरच तोडलेले. पण हे गिचमिड वाचायला शिकलं की नाणं आपलं वय सांगू लागतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावापुढे बिरुदं रचतात, तसलाच हा प्रकार. फक्त इथलं जवळजवळ प्रत्येक बिरुद एखाद्या सालाला बांधलेलं आहे.

त्रायानला 'गेर्मानिकुस' ही पदवी 97 साली मिळाली. आजच्या रोमानियातल्या दाकियावर विजय मिळवल्यावर 102 साली 'दाकिकुस', 114 साली 'ऑप्तिमुस' म्हणजे सर्वोत्तम, आणि 116 साली 'पार्थिकुस'. 117 साली तो वारला. आता हातातल्या नाण्यावर सम्राटाच्या डोक्याभोवती 'दाक' आहे पण 'ऑप्तिमो' नाही, तर ते 102 ते 114 मधलं. पुढे 'कॉस' आणि रोमन पाचाचा आकडा दिसला, म्हणजे तो कॉन्सुल या रोमन उच्चपदावर पाचव्यांदा बसला होता. पाचवी खेप 103ची, सहावी 112ची. कडेची वर्षं गळून पडली आणि काळ 103 ते 111 एवढ्यावर आला. कधी तर थेट सालच हाती लागतं. ट्रिब्यूनचे, म्हणजे लोकप्रतिनिधीचे, अधिकार सम्राट दरवर्षी नव्यानं घेई आणि त्या खेपेचा आकडा नाण्यावर येई. सेप्तिमिउस सेव्हेरुसच्या नाण्यावर तो तीन असेल, तर साल 195. एकोणीसशे वर्षांमागच्या चिल्लरीबद्दल इतकं नेमकं बोलता यावं, याचं मला अजून नवल वाटतं.

चौथ्या शतकात बिरुदं आटली, पण खुणा राहिल्या. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काशाच्या नाण्याची मागची बाजू पाहा: समोरासमोर उभे दोन सैनिक, मध्ये निशाणं. निशाणं दोन असतील तर नाणं साधारण 330 ते 335 मधलं, एकच असेल तर त्यानंतरचं. नाणं आक्रसलं तसं निशाणही कमी झालं! सैनिकांच्या पायाखालच्या रेषेखाली टांकसाळीची खूण असते. तिथे 'एसआयएस' असेल तर नाणं आजच्या क्रोएशियातल्या सिस्किया शहरात पाडलेलं.

रोमन नाणी आपल्याकडेही भरपूर आली. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीनं केली होती. पैठण आणि तेरचा माल भरूचच्या बंदरात उतरत असल्याचं 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारग्रंथात आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीत ऑगस्टस आणि तिबेरिउस या सम्राटांच्या अगदी ठरावीक छापांचीच गर्दी दिसते. 64च्या सुमारास सम्राट नीरोनं चांदीचं वजन आणि कस दोन्ही घटवले, तेव्हा जुनं, कसदार नाणंच हवं असा इथल्या व्यापाऱ्यांचा आग्रह बहुधा असावा. त्याहून विलक्षण म्हणजे इथे मिळालेल्या कित्येक सोन्याच्या नाण्यांवर सम्राटाच्या ऐन चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. धातू तपासायला, की चलनातून बाद करायला? अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. (शेतात अशा नाण्यांचा हंडा लागलाच, तर 1878च्या कायद्यानुसार आधी कलेक्टरला कळवायचं. आणि नाणी घासूनपुसून चकचकीत करायची नाहीत. हिरवट थराबरोबर अक्षरंही जातात.)

ओळख पटवण्याच्या या खेळात कधी अख्खा सम्राटच सापडतो. फ्रान्समध्ये 1900 साली 'दोमितिआनुस' नावाचं एक नाणं मिळालं. या नावाचा सम्राट पहिल्या शतकात होऊन गेला होता, पण मुकुट आणि घडण होती तिसऱ्या शतकाची. असा सम्राट झालाच नाही, नाणं बनावट, म्हणून ते बाजूला पडलं. मग 2003 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरच्या चालग्रोव्ह गावाजवळ जुन्या नाण्यांनी भरलेलं एक मडकं निघालं. आतल्या सुमारे पाच हजार नाण्यांचा एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला होता. ती सोडवताना तोच चेहरा, तेच नाव पुन्हा वर आलं. दोन्ही नाणी एकाच ठशांच्या जोडीनं पाडलेली निघाली. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, 271च्या सुमारास बंड करून गादीवर बसलेला आणि फार काळ न टिकलेला हा माणूस खराच होता. त्याच्या नाण्याच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे: 'सैनिकांची एकजूट'.