करंगळीचा टेकू

पिस्तुलाशी माझा संबंध आला तो वयाच्या ६२ व्या वर्षी, आणि तोही एका करंगळीमुळे.

तसा मी अगदी निरुपद्रवी धंद्यातला माणूस. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत उमेदवारी केली, पुढे डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्वतःची शेड घातली. प्लॅस्टिकची बुचे, नायलॉनचे बूश, चकत्या असला माल काढतो. (१९६२ साली एमआयडीसीचा जन्म झाला तो वागळे इस्टेटीतच, हे सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. आमच्या सौभाग्यवतींना ते आता पाठ झाले आहे.)

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा एक शाळासोबती कल्याणला सराफीच्या पेढीवर बसतो. त्याला आपण सराफच म्हणू. एके संध्याकाळी तो शेडवर आला, दार लोटून घेतले आणि रुमालातून पोलादाची एक चपटी पेटी काढून माझ्यापुढे ठेवली.

"एवढा एक स्पेसर करून दे. तुला काय, दहा मिनिटांचं काम!"

मॅगझिन म्हटले की वाचकांना हातातला हा अंक आठवेल. पण पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या पेटीलाही मॅगझिनच म्हणतात. सराफाच्या वडिलांनी फार पूर्वी, परदेशी पिस्तुले इकडे येत होती त्या काळात, जर्मन बनावटीचे वॉल्थर पीपीके घेतले होते. वडील गेल्यावर रीतसर परवाना काढून ते याच्याकडे आले. पीपीके हे वॉल्थरच्याच १९२९ सालच्या पीपी या पिस्तुलाचे धाकटे भावंड. खिशात मावावे म्हणून त्याची मूठ आखूड केलेली. .३२ बोअरमध्ये थोरल्याच्या पेटीत ८ काडतुसे बसतात, धाकट्याच्या पेटीत ७. थोरल्याची पेटी धाकट्यात जाते खरी, पण मुठीखाली बोटाच्या पेराएवढी उघडी लोंबते. सराफाने परवानाधारक विक्रेत्याकडून अशी एक लांब पेटी मिळवली होती. तो उघडा भाग झाकणारी बाही, म्हणजे स्पेसर, त्याला हवी होती.

अमेरिकेत असले स्पेसर दुकानात पाकिटातून मिळतात. तिकडे ग्लॉक कंपनीच्या आखूड पिस्तुलात १० काडतुसे बसतात. त्यातच मोठ्या भावाची १७ काडतुसांची पेटी खुपसायची आणि खालच्या उघड्या भागावर बाही चढवायची, ही सर्रास रीत आहे. मला यातली गंमत वाटली ती अशी, की कपड्याखाली दिसू नये म्हणून माणूस आखूड मुठीचे पिस्तूल घेतो आणि मग धीर वाटावा म्हणून तीच मूठ पुन्हा लांब करतो. सफारीच्या शर्टाखाली नळी दिसत नाही, मूठच वर येते!

पण माझ्यातला कारागीर जागा झाला होता. व्हर्नियर लावला आणि कळले की काम दिसते तेवढे सोपे नाही. पेटी किती वर चढायची ते पिस्तुलातल्या खटक्याने ठरते. बाही किंचित उंच झाली तर खटका बसतच नाही. वरचा सरकता पत्रा काडतूस न उचलता डोक्यावरून निघून जातो आणि पहिल्या बारानंतर हातात नुसते लोखंड उरते. बाही ठेंगणी झाली, तर घाईत खालून थाप मारल्यावर पेटी जास्त वर घुसून आतल्या भागांवर आदळायची भीती. सैल झाली तर वर सरकणार आणि तळव्याची कातडी फटीत चिमटणार. सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरचा.

"एका जादा काडतुसासाठी एवढा खटाटोप?" मी विचारले.

"काडतुसाचं सोड रे. करंगळीला जागाच नाही. रेंजवर गेलो की हात डुगडुगतो." मग जरा थांबून म्हणाला, "बाबांच्या हातातली पिशवी खेचली तेव्हा त्यांच्या खांद्याला सोळा टाके पडले होते. तू आला होतास दवाखान्यात."

आलो होतो. म्हणूनच नाही म्हणवेना. मी नायलॉनचा तुकडासुद्धा काढून ठेवला. पेटी मात्र त्याच्याकडेच परत दिली, हे बरे झाले. कारण रात्री शेजारच्या वकीलसाहेबांना सहज विचारले, तर ते खुर्चीत ताठच बसले.

"अहो, १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरलेत. बनवायला परवाना लागतो, दुरुस्तीलासुद्धा. तुमची बाही सुटा भाग की नुसती टोपी, यावर मी कोर्टात दोन तारखा भांडेन; पण तोवर तुमच्या शेडला कुलूप! आणि ती पेटी तर भागच. ती त्यांनी तुमच्याकडे आणायलाच नको होती."

माझ्या चिरंजीवांनी थ्री-डी प्रिंटरवर तासाभरात काढून देतो म्हटले होते. त्यांनाही गप्प बसवले.

सराफ रागावला. चार दिवस फोन नाही. शेवटी मीच त्याला ओढून मुंबईच्या एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे नेले. म्हाताऱ्याने आधी परवाना पाहिला, मग पिस्तूल रिकामे करून दोनदा तपासले. लांब पेटीकडे ढुंकूनही न पाहता त्याने जुनी, सात काडतुसांची पेटी मागितली आणि हसला. या पेटीच्या बुडाशी मुळातच करंगळीसाठी पुढे आलेला प्लॅस्टिकचा टेकू असतो. सराफाच्या पेटीचा तो केव्हाच तुटून गेला होता. एवढी वर्षे गडी तुटक्या टेकूवर करंगळी शोधत होता! म्हाताऱ्याने बूड बदलले, दमलेली स्प्रिंगही बदलली. लांब पेटी सराफाने विक्रेत्याला परत केली.

पुढे १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. अशा वेळी कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची ते समिती ठरवते. सराफाला नोटीस आली. नवा टेकू, नवी स्प्रिंग, सारे पावती घेऊन पोलीस ठाण्यात गेले. धनत्रयोदशी होती २९ तारखेला. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री, आणि कंबर रिकामी!

त्या रात्री पेढी बंद झाली तेव्हा दोन नोकर, मी आणि तो असे चौघे घरापर्यंत चालत गेलो. वाटेत फटाका वाजला की त्याचा उजवा हात कमरेशी जाई आणि तसाच खाली येई. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले. दाराशी वहिनींनी फराळाचा डबा माझ्या हातात ठेवला.

"उद्याही ये रे," तो म्हणाला, "साडेनऊला."