सरपणाच्या यांत्रिक करवतीची पट्टी व साखळी : निवड आणि निगा

शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या टापूंत मोडतात. शिक्रापूरच्या आसपासचें जळाऊ लांकूड म्हणजे बहुतेक करून बांधावरची बाभूळ, विहिरीजवळचा लिंब आणि वेळ, भीमा व घोड ह्या नद्यांच्या कांठीं माजलेली वेडी बाभूळ. गुऱ्हाळाच्या चुलाणास मुख्य जळण उसाच्या चिपाडांचें असलें, तरी घरचा बंब आणि लग्नकार्याच्या चुली ह्यांना सरपण लागतेंच. पूर्वीं हें काम कुऱ्हाडीवर होत असे. आतां पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवत, जिला सर्वत्र चेनसॉ म्हणतात, ती अनेक शेतकऱ्यांच्या घरीं आली आहे.

यंत्र घेतांना खरीददार इंजिनाची ताकद विचारतो. पट्टी व साखळी मात्र दुकानदार देईल ती घेतो. वास्तविक लांकूड कापते ती साखळी. इंजिन तिला केवळ फिरवितें. यंत्र चांगलें असून काम होत नाहीं, पेट्रोल मात्र जळतें, ही तक्रार पुष्कळदां बोथट साखळीची किंवा आपल्या लांकडास न शोभणाऱ्या पट्टीची असते. आपलें लांकूड कठीण, बहुधा वाळलेलें आणि धुळीनें माखलेलें असतें. निवड व निगा ह्या तीन गोष्टी ध्यानांत ठेवून केली पाहिजे.

पट्टीची लांबी

ज्या चपट्या पोलादी पात्याभोंवतीं साखळी फिरते ती पट्टी. लांब पट्टी दिसण्यांत भारदस्त असते, म्हणून तिचा मोह पडतो. परंतु पट्टी लांब झाली कीं साखळीचे दात वाढतात, इंजिनावर ओढ वाढते, तेल अधिक लागतें आणि कानस मारण्याचें कामही वाढतें. शिवाय जमिनीवर पडलेला ओंडका कापतांना लांब पट्टीचें टोंक पलीकडे मातींत घुसतें, आणि एका क्षणांत साखळीची धार जाते.

नियम असा कीं पट्टीची उपयोगी लांबी नेहमींच्या ओंडक्याच्या जाडीहून सुमारें दोन इंच अधिक असावी. सरपणाचे बहुतेक ओंडके फुटाभराच्या आंतलेच असतात. त्यांस १६ इंची पट्टी पुरते. ४५ ते ५० घनसेंटिमीटरच्या इंजिनास १६ ते १८ इंच हें माप योग्य होय. कधींमधीं मोठा बुंधा आलाच, तर तो दोन्ही बाजूंनीं कापतां येतो; त्या एका बुंध्यासाठीं वर्षभर लांब पट्टी वागवूं नये.

साखळीचे तीन आंकडे

नवी साखळी घेतांना तीन आंकडे जुळले पाहिजेत. पहिला पिच. लागोपाठच्या तीन रिवेटांमधील एकूण अंतर मोजून त्याचें निम्में केलें म्हणजे पिच मिळतो. ०.३२५ इंच व ३/८ इंच हीं मापें सर्वत्र आढळतात. दुसरा आंकडा गेज, म्हणजे पट्टीच्या खोबणींत बसणाऱ्या कडीची जाडी. ती ०.०५० इंच (१.३ मि.मी.), ०.०५८ इंच (१.५ मि.मी.) किंवा ०.०६३ इंच (१.६ मि.मी.) असते. तिसरा आंकडा म्हणजे खोबणींत बसणाऱ्या अशा कड्यांची एकूण संख्या.

केवळ “१८ इंची साखळी द्या” असें सांगणें पुरेसें नाहीं. तेवढ्याच लांबीच्या पट्टीस एका बनावटींत ७२ कड्या लागतात, तर दुसरींत ७४. जाड कडी खोबणींत शिरत नाहीं. बारीक कडी शिरते पण डुलते, आणि काप तिरका जातो. पिच इंजिनाच्या दातेरी चाकाशींही जुळावा लागतो. हे आंकडे बहुधा पट्टीच्या बुडाजवळ कोरलेले असतात; ते वहींत उतरून घ्यावे व दुकानांत जातांना बरोबर न्यावे.

दाताचा घाट

आजच्या साखळीच्या दाताचें मूळ मोठें मनोरंजक आहे. अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स ह्या लांकूडतोड्यानें १९४६ मध्यें एका बुंध्यांत लांकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपले जबडे डावीकडून उजवीकडे चालवून लांकडाच्या उभ्या-आडव्या दोन्ही तंतूंतून सहज वाट काढीत होती. त्यावरून त्यानें डाव्या व उजव्या दातांची साखळी बनविली आणि १९४७ मध्यें तिचा कारखाना काढला. दाताची उभी कड तंतु तोडते, वरची आडवी कड ढलपी उचलते, आणि दातापुढील बुटका उंचवटा ती ढलपी किती जाड निघावी हें ठरवितो.

दातांचे मुख्य घाट दोन. चौकोनी कोपऱ्याचा दात, ज्यास फुल चिझल म्हणतात, तो स्वच्छ व मऊ लांकडांत अतिशय जलद चालतो. परंतु धुळीचे कण लागतांच त्याचा कोपरा झिजतो व सारा दात निकामी होतो. गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझल दात किंचित् सावकाश कापतो, पण धार पुष्कळ वेळ टिकवितो. आपल्या बाभळीच्या सालींत माती व नदीकांठची वाळू बसलेली असते. सबब आपणांस सेमी चिझल साखळीच हितावह.

लांकूड मातींत ठेवून कापूं नये. खालीं आडवा ओंडका किंवा लांकडी घोडी द्यावी. सालीवरचा चिखल आधीं खरडावा. बांधावरच्या बाभळींत कुंपणाची तार किंवा खिळा रुतलेला असतो, तोही पाहावा. बाभूळ ओली असतांनाच तुकडे करून मग वाळवावी. वाळल्यावर ती फार चिवट होते.

कानस केव्हां व कशी मारावी

धारेची परीक्षा भुशावरून होते. साखळी धारदार असली म्हणजे ढलप्या उडतात. पिठासारखा भुसा पडूं लागला, अगर यंत्र दाबावें लागलें, कीं तेथेंच थांबावें. दाबून कापल्यानें पट्टी तापते आणि इंजिन झिजतें.

गोल कानस साखळीच्या मापाची हवी: ०.३२५ इंच पिचास ४.८ मि.मी., हलक्या बांध्याच्या ३/८ इंच पिचास ४ मि.मी. व पूर्ण बांध्याच्या ३/८ इंचास ५.२ किंवा ५.५ मि.मी. कानशीचा सुमारें पांचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर राहावा. कोन बहुधा ३० अंशांचा असतो. वेष्टनावर निराळा दिला असल्यास तो पाळावा. कानस दाताच्या आंतून बाहेर, एकाच दिशेनें ढकलावी; मागें ओढतांना उचलावी. प्रत्येक दातास सारखेच हात मारावे व एका बाजूचे सर्व दात संपवून मग दुसरी बाजू घ्यावी. एका बाजूचे दात आंखूड झाले तर काप सरळ न जातां वळतो.

तीन-चार वेळां कानस झाल्यावर पुढील उंचवटे मापपट्टी लावून तपासावे. ते धारेहून सुमारें ०.६५ मि.मी. खालीं असावे. अधिक खालीं नेल्यास दात लांकडांत अडकून यंत्र झटके देतें. दाताची लांबी ४ मि.मी. उरली कीं साखळी टाकून द्यावी.

ताण, तेल व पट्टीची निगा

साखळी थंड असतांना ती पट्टीच्या खालच्या कडेस टेकलेली, तरीही हातमोजा घातलेल्या हातानें सहज फिरणारी असावी. नट ढिले करून, पट्टीचें टोंक वर उचलून ताण द्यावा. कामांत साखळी तापून लांबते. तेव्हां ताणल्यास काम संपतांच ती पुन्हां सैल करावी, नाहींतर थंड होऊन आंखडतांना पट्टी व इंजिन दोहोंवर ताण येतो.

पूर्ण वेगांत साखळी सेकंदास सुमारें २० मीटर धांवते. तेलावांचून ती क्षणभरही चालवूं नये. गाडींतून काढलेलें जुनें काळें तेल वापरूं नये. त्यांत धातूचा कीस असतो आणि तें कातडीसही अपायकारक आहे. साखळीसाठींचें चिकट तेलच घ्यावें. पट्टीचें टोंक कोऱ्या कागदावर थोडें उंच धरून यंत्र चालवावें. तेलाची रेघ उमटली तर मार्ग मोकळा आहे असें समजावें.

दररोज खोबणींतील भुसा व तेलाचें छिद्र साफ करावें. दर कानशीच्या वेळीं पट्टी उलटून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. कडांवर आलेली बारीक धार चपट्या कानशीनें काढावी. दोन साखळ्या झिजल्या कीं दातेरी चाकही बदलावें. झिजलेलें चाक नव्या साखळीस लौकर खातें.

जिवाची काळजी

पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग कशास लागला कीं करवत उसळी घेऊन थेट चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. टोंकानें कापूं नये, यंत्र खांद्यावर उचलूं नये, साखळीचा ब्रेक चालतो कीं नाहीं हें रोज पाहावें. डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे, हातमोजे व जाड बूट ह्यांवांचून गड्याच्या हातीं करवत देऊं नये. बोथट साखळीस जोर लावावा लागतो, जोर लावणाऱ्याचा तोल जातो, आणि अपघात तेथेंच होतो. यास्तव धार ही काटकसरीची तितकीच सुरक्षिततेचीही बाब आहे.

आणखी एक गोष्ट. आंबा, चिंच, जांभूळ यांसारखीं झाडें स्वतःच्या रानांत असलीं, तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडें तोडण्याविषयींच्या कायद्यान्वयें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. करवत उचलण्यापूर्वीं चौकशी करावी.

ज्यांस यंत्र नवें घ्यावयाचें आहे त्यांनीं आंखूड पट्टी, गोलसर कोपऱ्याची साखळी, योग्य मापाची कानस व साखळीचें तेल एवढें एकदमच घ्यावें. ज्यांच्याकडे तें आहे त्यांनीं आजच पट्टी उतरवून खोबण पाहावी. टाकी भरण्यास थांबाल तेव्हां प्रत्येक दातावर कानशीचे दोन-तीन हात फिरवावे. बाभळीचे ओंडके त्या साखळीखालीं निमूटपणें पडतील.